साडी उतरते तेव्हा आणि नेसते तेव्हा

शिमग्यात देवरूखच्या आसपासच्या वाड्यांतून नमन उभं राहतं. गण होतो, मग गवळणी येतात, त्यांची मावशी येते. साड्या नेसलेले हे परंपरेने बाप्येच. अख्ख्या वाडीला ते माहीत असतं. पहाटे मृदंग थांबतो, साडी उतरते आणि रात्रभर मावशी झालेला माणूस आपल्या कामाला लागतो. ‘तू बाई आहेस का रे?’ असं त्याला कुणी विचारत नाही. सोंग कुठलं आणि माणूस कुठला हे आम्हा कोकणातल्या माणसांना इतकं नीट कळतं. पारलिंगी माणूस समोर आला की मात्र ही समज कुठे जाते?

तिथे आपण उलटं वाचतो. सरकारी कागदात जिला तृतीयपंथी म्हणतात, त्या व्यक्तीला साडीत पाहिलं की आपल्याला वाटतं, पुरुषाने बाईचं सोंग घेतलंय. तिच्या दृष्टीने सोंग कधीचं चाललेलं असतं. मुलांच्या रांगेत उभं राहणं, मुलांचा गणवेश, ‘जाते नाही, जातो म्हण’ असं रोज ओरडून दुरुस्त केलेलं बोलणं. नमनातलं सोंग एका रात्रीचं, तेही हौसेचं. हे सोंग वर्षानुवर्षं, मार खाऊन केलेलं. ती साडी नेसते तेव्हा ते उतरतं.

समजायला खरंच एवढं अवघड आहे? बाळ जन्मलं की सुईण किंवा डॉक्टर शरीर पाहून मुलगा की मुलगी ते सांगतात. बहुतेकांना ते इतकं पटतं की आयुष्यात त्यावर कधी विचारही करावा लागत नाही. काहींना पटत नाही. कळू लागल्यापासून पटत नाही, आणि समजावून, मारून, देवाला गाऱ्हाणं घालून पटत नाही. कुणाबद्दल आकर्षण वाटतं हा प्रश्न निराळा. शरीरातच दोन्हीकडच्या खुणा घेऊन जन्मणं निराळं. गुरू-चेल्यांची घराणी असलेली हिजडा परंपरा फार जुनी, पण सगळ्या पारलिंगी व्यक्ती तिच्यात नसतात. आणि मुलगी म्हणून वाढवलेले पुरुष तर कुणाच्या हिशेबातच नाहीत. त्यांचं स्थळ पाहून लग्न उरकलं जातं, आणि मग दोन आयुष्यं नासतात.

‘हा मनाचा आजार आहे,’ हे वाक्य शिकलेल्या माणसांकडून जास्त ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या नव्या वर्गवारीत पारलिंगी असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आणि २०२२ पासून ती वर्गवारी लागू झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं, की अशा माणसाला ‘बरं’ करण्याचे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. तेव्हा पोराला ‘सुधारून’ देतो म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्या पायरीवरून मागे फिरा.

‘ही मुंबईची थेरं,’ हे दुसरं वाक्य. माळशिरस तालुक्यातलं तरंगफळ मुंबईत नाही. २०१७ मध्ये त्या गावाने ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच निवडलं. गाव त्यांना माऊली म्हणतं. पारलिंगी उमेदवाराला शेतकरी माणसांनी, शेजाऱ्यांनी मतं दिली. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नाकारली, कारण स्त्री आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष वेगळे. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, सरकारने परवानगी दिली, मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे त्याच नोकरीवर परतले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं होतं, म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर त्यांची गोष्ट थोडी निराळी. पण आपण कोण आहोत हे तपासणीच्या आधीपासून तेच सांगत होते, आणि रजेचा अर्ज घेऊन साहेबापुढे उभं राहण्याचं धैर्यही त्यांचंच होतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली. दारात आलेल्या प्रगणकाला घरच्यांसमोर असं सांगता येणं किती कठीण, याचा विचार केला तर आकडा याहून मोठा असणार, असंच मला वाटतं. कोकणात तर नाहीसं व्हायला मुंबई हाताशीच आहे. ‘मुंबईला असतो’ एवढं सांगितलं की पुढे कुणी खोदून विचारत नाही. गणपतीला तो का येत नाही, हेही नाही.

देवरूखला हे शोभत नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ मध्ये इथे दोन खाटांचं प्रसूतिगृह काढून मातृमंदिर उभं केलं. ज्यांना घर उरलं नाही अशा बायकांना, मुलींना तिथे थारा मिळाला. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तेव्हाही होताच. इंदिराबाईंनी त्याचं उत्तर लोकांवर सोडून दिलं आणि पोरींना जेवायला वाढलं. त्या कामाचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो. मग शाळेत शिट्ट्या सोसणाऱ्या, शौचालयात जायला घाबरणाऱ्या मुलासाठी तालुक्यात कुणाचं दार उघडं आहे ते सांगा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी या माणसांची ओळख मान्य केली. त्यानंतर आलेल्या २०१९ च्या कायद्यावर पारलिंगी कार्यकर्त्यांनी पुष्कळ टीका केली, आणि ती रास्त होती. त्याचं बारावं कलम मात्र प्रत्येक आईबापाने वाचावं. पारलिंगी आहे एवढ्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून तोडता येणार नाही, न्यायालयाने मुलाच्या हितासाठी तसा आदेश दिला तरच ते करता येईल. घरात राहण्याचा आणि घरातल्या सोयी वापरण्याचा हक्क त्याला आहे. पोटच्या पोराने आपल्याच घरात राहावं, हे संसदेला कायद्यात लिहावं लागलं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी हे कलम वाचून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे.