हुंकाराचं गणित

दिवा मालवून गोष्ट सांगणाऱ्या आजीची एकच अट असते: हुंकार द्यायचा. अंधारात नातू जागा आहे की घोरतोय, हे तिला दुसरं कशावरून कळणार? नातवाची पंचाईत अशी की, दर वाक्याला ‘हं’ म्हणत बसलं तर झोप लागत नाही आणि ‘हं’ थांबलं तर गोष्ट थांबते. खिशातला मोबाइल आणि टॉवर यांचा संसार याच अटीवर चालतो. फरक एवढाच की, इथे हुंकार टॉवर देतो आणि तो ऐकण्यासाठी फोनला झोपेतून उठावं लागतं.

फोन सदैव कान टवकारून बसलेला असतो असं आपल्याला वाटतं. छे! तो मुलखाचा झोपाळू. जीएसएमच्या, म्हणजे जुन्या टू-जीच्या नियमांत, नेटवर्कने ठरवून दिलेल्या अंतराने, साधारण अर्ध्या ते दोन सेकंदांनी, तो क्षणभर जागा होतो, ‘माझ्यासाठी काही निरोप?’ एवढं ऐकतो आणि पुन्हा रेडिओ बंद करून आडवा होतो. बटणांच्या जुन्या फोनची बॅटरी दिवसेंदिवस पुरायची, त्यात या डुलक्यांचा मोठा वाटा होता.

पण झोपलेल्याला रेंज गेल्याचं कळणार कसं? त्यासाठी फोन गुणांची वही ठेवतो. नेटवर्कने ठरवलेल्या त्या अंतराचं, म्हणजे झोपेचं, माप २ ते ९ असतं: २ म्हणजे साधारण अर्धा सेकंद, ९ म्हणजे साधारण दोन. ९०ला त्या मापाने भागलं की सुरुवातीचे गुण मिळतात. हुंकार नीट ऐकू आला तर एक गुण मिळतो, पण सुरुवातीच्या आकड्याच्या वर कधीच जाता येत नाही. नाही आला तर चार कापले जातात. गुण संपले की हा टॉवर गेला असं समजून दुसऱ्याचा शोध सुरू. माप २ असेल तर गाठीशी ४५ गुण, म्हणजे ओळीने बारा हुंकार चुकावे लागतात. माप ९ असेल तर गुण अवघे दहा, तिसऱ्याच चुकीला सोडचिठ्ठी. अन्याय वाटतो ना? आता घड्याळ लावा. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या बारा चुका घ्या, नाहीतर दोन-दोन सेकंदांच्या तीन, हिशेब दोन्हीकडे सहा सेकंदांच्या आसपासच येतो. जास्त झोपणाऱ्याला संधी कमी, पण मुदत तेवढीच. आमच्या घरात उशिरा उठणाऱ्याशी इतक्या न्यायाने कुणी वागल्याचं मला आठवत नाही.

बोलणं सुरू झालं की हाच फोन एकदम मायाळू होतो. तपासणी दर ४८० मिलिसेकंदांनी, चुकीला एकच गुण वजा, बरोबर आलं तर दोन जमा. सुरुवातीला जास्तीत जास्त, म्हणजे ६४ गुण दिलेले असतील, तर फोन जवळजवळ अर्धा मिनिट पडझड सोसतो. फोर-जीत घाई वाढली. तिथे साध्या फोनला बिघाड दिसल्यावर थांबायची मुदत जास्तीत जास्त दोन सेकंदांची. शिवाय चुकांचा अंदाज दहा टक्क्यांवर गेला की ‘बिघडलं’, पण ‘सुधारलं’ म्हणवून घ्यायला दोन टक्क्यांखाली यावं लागतं. एकदा नाव खराब झालं की असंच.

वीज वाचवण्याची एक युक्ती मात्र मला फार आवडते. संभाषणात आपण निम्मा वेळ गप्प असतो (निदान तशी अपेक्षा असते), तेव्हा आपल्या फोनने रेडिओ लहरी कशाला उधळायच्या? म्हणून त्या थांबवल्या. पण पलीकडे कानात ठार शांतता पडताच माणसं ‘हॅलो? हॅलो?’ करू लागतात. मग नियमांतच सोय करावी लागली: पलीकडून अधूनमधून येणाऱ्या नमुन्याबरहुकूम ऐकणाऱ्या फोनने स्वतःच मंद खरखर तयार करायची. ‘मी आहे हं’ असं वाटायला लावणारी ती खरखर पुष्कळदा आपल्याच हातातल्या यंत्राने रचलेली असते. एवढी प्रेमळ फसवणूक सरकारी दस्तऐवजासारख्या रुक्ष नियमावलीत सापडावी, याची मला मौज वाटते.

खरी उधळपट्टी होते ती टॉवर हरवल्यावर. मग फोनची झोप उडते. या पट्ट्यात शोध, त्या पट्ट्यात शोध, आणि कुणाशी अवाक्षर न बोलता बॅटरी उतरत जाते. शहाणे फोन शोधांमधलं अंतर हळूहळू वाढवतात, पण कोकण रेल्वेवर त्यांचंही शहाणपण चालत नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो संपून रेंज सापडते न सापडते, तोच पुढचा बोगदा हजर. तेव्हा कोकणात जाताना बॅटरी कमी असेल तर फोन सरळ फ्लाइट मोडवर टाका आणि खिडकीबाहेर बघा. फक्त आधी घरी कळवून ठेवा, कारण घरच्यांच्या वहीत तुमच्या नावावर किती गुण शिल्लक आहेत हे कुठल्याच नियमावलीत लिहिलेलं नसतं.