अगंबाई, हाही स्वॅगच?

परवा एका लग्नात नवरी नऊवारी नेसून, काळा गॉगल लावून, बुलेटवरून मांडवात शिरली आणि करवल्या किंचाळल्या, ‘काय स्वॅग आहे!’ अहो, लाजणं गेलं कुठे? आणि रात्री साडेआठला गॉगल कसला? पोळ्याला तर बैलाच्या डोळ्यांवरही गॉगल चढतो, फोटोखाली मजकूर: ‘सर्जाचा स्वॅग’. सर्जाला विचारलं होतं कुणी?

आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ होता? रुबाब, ऐट, दिमाख, डौल, थाट, झोक, ठसका! घरात कोठार भरलेलं आणि शेजारी पीठ उसनं मागायला?

खरी मेख पुढेच आहे. रुबाबाला हुद्दा लागतो, थाटाला पैसा, डौलाला बांधा. तोरा आणि नखरे तर लोकांनी नावं ठेवायलाच काढलेले. स्वॅगला काय लागतं? एक भुवई वर आणि दोन्ही हात खिशात. फुकट ते पौष्टिक!

बरं, कूळ तरी बघाल? शेक्सपिअरच्या काळात ‘स्वॅगर’ म्हणजे उगाच छाती काढून मिरवणं. इंग्रज चोरांच्या बोलीत स्वॅग म्हणजे चोरीचा माल. ऑस्ट्रेलियात भटक्या मजुराच्या पाठीवरची वळकटी. पुढे अमेरिकेतल्या रॅपवाल्यांनी त्याला सोन्याच्या साखळ्या घातल्या, २०११ साली जर्मनीत तो तरुणाईचा वर्षातला शब्द ठरला आणि २०१७ च्या ‘टायगर जिंदा है’मधल्या गाण्यावर बसून थेट आपल्या वरातीत उतरला. आता काढा बाहेर!

आमच्या मामांनी प्रयत्न केला. घरात इंग्रजी शब्द उच्चारला की डोळे वटारणारा माणूस. धोतर-टोपीतला त्यांचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. भाच्यानं लिहिलं, ‘मामा, फुल स्वॅग!’ मामा कडाडले, ‘म्हणजे काय रे?’ अर्थ कळला. तेव्हापासून तोच फोटो त्यांच्या डीपीला आहे. वर सकाळी फिरायला जाताना टोपी जराशी तिरकी.

आणि आपण? लिफ्टचं दार लागल्यावर आरशात बघून कॉलर कोण नीट करतं? चोरीचा माल घरोघरी दडलाय हो. मग ‘चोर, चोर’ अशी बोंब मारायची कुणी?