लिंकनचं डोकं आणि टायरचं वय

स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, फ्रिज आणि गॅस एवढा ऐवज गाडीमागे अडकवून अमेरिकेत माणसं राज्यामागून राज्यं ओलांडतात. या फिरत्या बिऱ्हाडाला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्यातले पडदे कुठल्या रंगाचे हवेत यावर घरोघरी महिनाभर खल चालतो; ज्या चार टायरांवर सगळा संसार उभा, त्यांची आठवण निघायच्या आदल्या रात्री होते. आमच्या दाजींना ती निघाल्यावर झाली.

ताई आणि दाजी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतात. ट्रेलर त्यांनी जुना घेतला. विकणारा गृहस्थ सज्जन होता. "टायर फारसे फिरलेलेच नाहीत," असं तो म्हणाला आणि ते अक्षरशः खरं होतं, कारण ट्रेलर वर्षातला बहुतेक काळ त्याच्या अंगणात उन्हात उभा असे. ताई या गोष्टीवर बेहद्द खूश होती. "एकही टायर गोटा झालेला नाही, बघ," असं तिने साताऱ्याहून आलेल्या मला ट्रेलरचं दार उघडायच्याही आधी दाखवलं.

जानेवारीत आम्ही तिघे अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझाइटला निघालो. एरवी जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे वाळवंटी गाव. हिवाळ्यात मात्र तिथे ट्रेलरांची आणि मोटरहोमांची जत्रा भरते. थंड राज्यांतले पेन्शनर आपापली घरं ओढत येतात आणि वाळूत मुक्काम ठोकतात.

कॅलिफोर्नियात गाडीमागे काही ओढत असाल तर ताशी 55 मैलांच्या वर जायचं नाही असा कायदा आहे. दाजी कायदा पाळणारे, त्यामुळे बेकर्सफील्डपर्यंत आम्हाला सगळ्यांनी ओलांडलं. टेहाचपीचा घाट चढून मोहावे वाळवंटात उतरलो आणि रस्त्याच्या कडेला रबराच्या लांबलचक पट्ट्या दिसू लागल्या. फुटलेल्या टायरांचे हे अवशेष. ट्रकवाले त्यांना 'गेटर', म्हणजे मगर म्हणतात. पुढे एक ट्रेलरच कडेला उभा होता. त्याच्या टायरने फुटताना मडगार्ड, बाजूचा पत्रा आणि पाण्याची एक नळी बरोबर नेली होती. मालक घडीची खुर्ची मांडून मदतीची वाट बघत होता. त्याची बायकोही खुर्ची मांडून बसली होती, पण पाठ त्याच्याकडे करून.

"टायर फुटला तर टायरचा खर्च काहीच नाही," दाजी म्हणाले. "बाकीचा असतो." त्यानंतर बारस्टोपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

बारस्टोच्या मुक्कामावर पोचताच चहाही न घेता दाजी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली शिरले. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांपुढे एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मपत्रिका: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पण पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो, आणि टायर बसवणारा ती बाजू बरोब्बर आत टाकतो. त्यामुळे अमेरिकेतल्या सुखवस्तू, पोट सुटलेल्या माणसांना वर्षातून एकदा तरी जमिनीवर उताणं व्हावं लागतं.

"एकतीस सतरा!" खालून आवाज आला.

"काय एकतीस सतरा?"

"2017 सालचा एकतिसावा आठवडा!"

"म्हणजे ऑगस्टची सुरुवात. श्रावणातला जन्म," ताई म्हणाली. "चांगलाच आहे की."

श्रावणातला खरा, पण साडेसात वर्षांपूर्वीचा. ताईने पर्समधून एक सेंटचं नाणं काढलं. इथली परीक्षा अशी की नाणं उलटं धरून टायरच्या खाचेत घालायचं. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपला; डोक्याचा वरचा भाग खाचेत बुडाला तर अजून चालेल. आमच्या टायरांत लिंकन भुवयांपर्यंत बुडाला. ताईने विजयी मुद्रेने नाणं परत पर्समध्ये टाकलं.

पण ही परीक्षा रोज कचेरीत जाणाऱ्या मोटारीची आहे. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, तो बसून मरतो. रबर टिकावं म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरत राहिला, दबत-फुगत राहिला, की ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्याला जपतात. उभ्या टायरला ते सुख नाही. वरून ऊन, हवेतला ओझोन, खाली कायम एकाच जागी भार. बाजूंवर बारीक भेगा पडतात, आणि आतले पट्टे सुटायला लागले तर ते बाहेरून दिसतही नाही. शिवाय दोन आसांच्या ट्रेलरला अंगणात गर्रकन वळवलं की टायर आडवे फरपटत जातात आणि आतून पिळवटतात. दाजींची ट्रेलर मागे घेण्याची पद्धत बघितल्यावर मला त्या टायरांची दया आली.

एव्हाना शेजारपाजारचे लोक जमले होते. ट्रेलरखालून माणसाचे पाय बाहेर दिसले की इथला कुठलाही पेन्शनर गप्प बसू शकत नाही. टायर कधी बदलावेत यावर त्यांच्यात तीन पंथ निघाले. पहिला पंथ: तीन वर्षं झाली की डोळे मिटून बदला. दुसरा: पाच, फार तर सहा, आणि तेही दरवर्षी नीट तपासून. तिसऱ्या पंथाचे एकच आजोबा होते. त्यांचे टायर बारा वर्षांचे होते, आणि त्यांच्या मते देवावर श्रद्धा असली की पुरे. त्यांचा ट्रेलर त्या तळावरून पुन्हा हलायची शक्यता मला दिसली नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी खरं धरलं. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचा आणि टायर विकणाऱ्यांचा कल पहिल्या दोन पंथांकडे असतो. यात त्यांचा स्वार्थ आहेच, पण रस्त्यावरच्या मगरी त्यांनी नेऊन टाकलेल्या नाहीत.

दाजींनी टायरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मिनिटाभरात साताऱ्याहून काकांचा फोन. काकांची हयात एसटी चालवण्यात गेली. टायरवर 'एसटी 205/75 आर 15' असं लिहिलेलं बघून त्यांना पहिल्यांदा महामंडळाचा अभिमान वाटला. ही एसटी वेगळी, खास ट्रेलरसाठी बनवलेल्या टायरची खूण, हे कळल्यावर ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले, "रबर चढवून घ्या. आमच्याकडे कार्यशाळेत चढवायचे. आणि वाळवंटात जाताय तर हवा जरा कमी ठेवा, उन्हाने फुगते."

दाजी "होय काका, होय काका" म्हणत हवा भरत होते आणि ती पूर्ण भरत होते. कारण हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, दबली की तापते, आणि टायर फुटतो तो या तापण्याने. उन्हाने वाढणारा दाब टायर बनवणाऱ्याने हिशेबात धरलेलाच असतो. म्हणून ट्रेलरच्या टायरला सकाळी, टायर गार असताना, त्याच्यावर छापलेल्या कमाल आकड्याएवढी हवा भरतात. आमच्या टायरवर तो आकडा 50 पौंडांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी आम्हाला ट्रकतळावरच्या वजनकाट्यावर नेलं. चार पैसे देऊन गाडीचा प्रत्येक आस किती भार वाहतो ते कागदावर छापून मिळतं. ट्रेलरच्या दोन आसांवर मिळून 6,320 पौंड भरले, म्हणजे जवळजवळ 2,870 किलो. टायर 'सी' वर्गाचे. असा एक टायर 1,820 पौंड पेलतो, चार मिळून 7,280. कागदावर बरं दिसतं. पण काटा चार चाकांचा वेगवेगळा हिशेब देत नाही, आणि आमच्या ट्रेलरचा ओटा उजव्या बाजूला होता. दोन कुकर, मिक्सर, कोलम तांदळाचं पोतं, पापड-कुरडयांचे डबे आणि खलबत्ता हे सगळं त्याच बाजूला.

"खलबत्ता कशाला आणलाय?" दाजींनी विचारलं.

"तुम्हाला मिक्सरमधली चटणी चालत नाही म्हणून," ताई म्हणाली. तो विषय तिथेच संपला. टायर बदलायचं ठरलं.

टायरांच्या दुकानातल्या पोराला दाजींनी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने त्यांना खुर्ची दिली. मोटारीचे साधे टायर बसवायचे का? नको, ते ट्रेलरवर घातले तर त्यांची भार पेलायची क्षमता कमी धरावी लागते, आणि त्यांची बाजू मऊ असल्याने ट्रेलर मागे डुलतो. छोट्या ट्रकचे, 'एलटी' खुणेचे? ते दणकट, काही जण त्यांचीच शपथ घेतात, पण आमच्या चाकाच्या मापात मिळणं कठीण. राहिले ट्रेलरचेच. त्यांतल्या आयात केलेल्या स्वस्त टायरांना इथे लोक सरसकट 'चायना बॉम्ब' म्हणतात. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण फुटलेल्यांपैकी निम्म्यांत तरी हवा कमी आणि वर सामान जास्त असणार. तरी नाव एकदा पडलं की पडलं. दुकानात मॅक्सिस होते, कार्लाइल होते, आणि गुडइयरचा एन्ड्युरन्स होता, जो 2017 मध्ये बाजारात आला आणि अमेरिकेतच बनतो. ज्या चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर टिकाऊ करायची युक्ती शोधली, तो 1860 मध्ये कर्जात बुडून मेला. त्याच्या नावाची कंपनी 1898 मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली. संशोधकाने शोध लावावा आणि दुकान दुसऱ्याने टाकावं, ही रीत तिकडेही आहे म्हणायची.

दाजींनी त्याच मापाचा 'डी' वर्गाचा टायर घेतला. 65 पौंड हवा, आणि एकेक टायर 2,150 पौंड पेलणारा. चारांचे 8,600 होतात. ताईने उरलेल्या जागेत काय काय मावेल याचा हिशेब लगेच सुरू केला. चाकाची लोखंडी रिम तेवढा दाब आणि भार सोसते का, हे पोराने रिमवरचा आकडा बघून पक्कं केलं आणि रबरी वॉल्व्हच्या जागी धातूचे घातले. बिल पाचशे डॉलरच्या वर गेलं. ताई तिथे इतकी वर्षं राहून अजून प्रत्येक रकमेचे रुपये करते. तिने केले आणि ती ट्रेलरमध्ये जाऊन बसली.

नवं चाक बसवलं की पन्नासेक मैलांनी नट पुन्हा आवळावेत असा दंडक आहे. बारस्टोहून पन्नास मैलांवर लडलो नावाचं चिमुकलं ठाणं आहे, पेट्रोल पंप आणि कॅफे. दाजींनी तिथे सगळ्यांसमोर टॉर्क रेंच काढला आणि एकेक नट 'टक' असा आवाज येईपर्यंत आवळला. कॅफेतले लोक काचेतून बघत होते. मग त्यांनी टायरचं तापमान मोजायची पिस्तुलासारखी बंदूक काढली. उजवे टायर जास्त गरम निघाले. दाजी हादरले. आम्ही पूर्वेकडे चाललो होतो, सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे, हे लक्षात यायला त्यांना अर्धी कॉफी लागली. पुढे त्या बंदुकीने ताईने तवा मोजला आणि पोळ्या पहिल्यांदा एकसारख्या भाजल्या गेल्या.

अ‍ॅरिझोनात महामार्गावर 75 ची मुभा आहे. जुन्या धाटणीच्या ट्रेलर-टायरांना 65 चीच मर्यादा असे. नव्यांना जास्त वेग चालतो. दाजी मात्र 60 वर ठाम राहिले. एक पांढऱ्या केसांच्या आजी बसएवढी मोटरहोम घेऊन आम्हाला ओलांडून गेल्या आणि जाताना हात हलवून गेल्या.

क्वार्टझाइटच्या स्मशानात एक छोटा पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. खाली हाय जॉली पुरलेला आहे. त्याचं मूळ नाव हाजी अली. 1850 च्या दशकात अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, तेव्हा त्यांच्याबरोबर हा उंटवाला आला. प्रयोग फसला, उंट गेले, हाजी अली इथेच राहिला आणि 1902 मध्ये वारला. "उंटाचं वय दातांवरून कळतं," दाजी पिरॅमिडसमोर उभे राहून म्हणाले, "खाली झोपावं लागत नाही."

तळावर दाजींची आता ख्याती झाली होती. लोक त्यांना आपले टायर दाखवायला नेत. ताईने जुन्या पांढऱ्या चादरींच्या खोळी शिवून चारही चाकांवर चढवल्या. ऊन लागू नये म्हणून इथे खास आवरणं विकत मिळतात, पण चादरी होत्याच.

स्टेपनी मात्र तिने बदलू दिली नाही. ती ट्रेलरच्या मागे, डोंगराचं चित्र असलेल्या आवरणात टांगलेली असते. "ती तर एकदाही वापरलेली नाही," हे तिचं म्हणणं. आवरण काढून दाजींनी आकडे वाचले: एकतीस सतरा. तुमच्याकडे ट्रेलर असेल तर पाच वर्षांपुढचे टायर काढा, वजन करून एक वर्ग वरचे घ्या, आणि हे आकडे वाचताना पाचव्या चाकाचेही वाचा. दुकानदार चारचेच पैसे मागतो.