खोटं बोल, पण सुसंगत बोल

नव्या विंडोजवर जुना प्रोग्राम उघडत नाही, असं रडगाणं घेऊन कुणी आलं की आम्ही आधी विचारतो, "त्याला थाप मारून पाहिलीत का?" समोरचा दचकतो. पण थापेची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच करून ठेवली आहे. प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, 'कम्पॅटिबिलिटी' उघडा. तू विंडोज ९५वर बसला आहेस असं याला सांगू, की एक्सपीवर? स्क्रीन ६४० बाय ४८०ची आहे म्हणू? जगात रंग २५६च आहेत असं भासवू? आपण फक्त खूण करायची.

ही परंपरा जुनी. विंडोज ९५ तयार होत होतं तेव्हा 'सिमसिटी' हा शहर वसवण्याचा गाजलेला खेळ त्यावर कोसळू लागला. दोष खेळाचाच होता. वापरून परत केलेली मेमरी तो पुन्हा जाऊन वाचायचा. आधीच्या विंडोजमध्ये ती जागा तशीच पडून असायची, म्हणून खपून गेलं. आता ती दुसऱ्याला मिळू लागली. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच तजवीज केली : सिमसिटी चालू दिसला, की सोडलेली मेमरी लगेच ताब्यात घ्यायची नाही. शहर वसवणाऱ्याचंच अतिक्रमण नियमित झालं, तेही दंड न भरता. आपल्या महापालिकांचं एखादं मार्गदर्शक पथक तेव्हाच अमेरिकेला जायला हवं होतं. दौऱ्याची एवढी चांगली संधी हुकली.

पुढे वय चोरणं सुरू झालं. विंडोज व्हिस्टाने आपला आतला आवृत्ती-क्रमांक ५वरून ६ केला, तर एरवी बरे चालणारे प्रोग्रामसुद्धा निव्वळ आकडा पाहून अडून बसले. धडा घेऊन विंडोज ७ने आतून ६.१ म्हणवून घेतलं. विंडोज ११ तर आजही खासगीत स्वतःला १०.० म्हणवतं. 'सिस्टम३२' या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या 'सिसवॉव६४'मध्ये, हे ऐकून शहाणा माणूस स्वतःचा चष्मा पुसतो. पण असंख्य प्रोग्रामांच्या पोटात जुना पत्ता कोरलेला होता. पाटी बदलली असती तर सगळे रस्त्यावर आले असते.

आमची सगळ्यात आवडती थाप वेगळीच. जुन्या प्रोग्रामांना 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच आपल्या नोंदी लिहायची खोड. व्हिस्टापासून तिथे लिहायला मनाई झाली. पण तसं तोंडावर सांगितलं तर बिचारा बंद पडेल. म्हणून विंडोज म्हणतं, 'लिहिलं हं', आणि नोंद गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या आडबाजूच्या फोल्डरात ठेवून देतं. प्रोग्राम समाधानी. फाइल शोधणारा हिशेबनीस घामाघूम.

ॲपलकडे असला लोचटपणा नाही. २०१९ साली मॅकवर 'कॅटालिना' ही आवृत्ती आली आणि ३२ बिटच्या प्रोग्रामांना दार बंद झालं. व्यवहार एकदम स्वच्छ. मागे रडणारे उरले, एवढंच.

विंडोजची थापही एका जागी संपते म्हणा. १६ बिटचं काही ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच मिळतं. त्यामुळे डॉसवरच्या फॉक्सप्रोत ज्यांची बिलं बनतात, ते व्यापारी 'डॉसबॉक्स'च्या आश्रयाला जातात. डॉसबॉक्स हा अख्खा जुना संगणक असल्याचं सोंग आणणारा प्रोग्राम, मुळात खेळांसाठी केलेला. तिथे शेठजी गंभीर चेहऱ्याने उधारी मांडतात. ज्याला हेही जमत नाही, तो कोपऱ्यातल्या एक्सपीला हात लावू देत नाही. त्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, पण पेजमेकरमधल्या लग्नपत्रिकांना तारीख कोण सांगणार? दसऱ्याला मात्र हार आधी त्यालाच.

आता न्याय पाहा. जुन्या प्रोग्रामशी एवढं गोड बोलणारं विंडोज ११ जुन्या संगणकाला मात्र दारातच अडवतं : सुरक्षेची टीपीएम २.० चिप दाखवा, प्रोसेसर यादीत आहे का सांगा. त्यावर लोकांनी रजिस्ट्रीत एक नोंद घालायची युक्ती चालवली. निदान टीपीएम १.२ असलं तर तेवढ्यावर आत घेतात. ही नोंद काही काळ मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मदतपानावर छापून ठेवली होती. थाप कशी मारावी, हे ज्याला मारायची त्यानेच समजावून सांगितलं, वर हमी आमची नाही, असंही बजावलं.