मैदान वाढवा, पण येणार कुठून?

लंडनच्या फुलहॅममध्ये 1877 पासून ठाण मांडून बसलेल्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाची क्षमता जेमतेम चाळीस हजार. चेल्सी फुटबॉल क्लबला हवी होती साठ हजार आसनं. पण दोन बाजूंना रेल्वे, आणि जवळचं स्टेशन एकच. तोडगा निघाला: रुळांवर छत घाला, माणसं वरून चालवा! 2017 मध्ये मंजुरीही मिळाली.

मग शेजारच्या कुटुंबाने घरातला उजेड जाईल म्हणून कोर्ट गाठलं. क्लबच्या अब्जाधीश मालकाच्या वाटेत खिडकी आडवी आली! 2018 मध्ये गुंतवणुकीचं हवामान बरं नाही म्हणत क्लबनेच योजना गुंडाळली.

दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं, तर मैदानाची जमीन आणि क्लबचं नाव, दोन्ही चाहत्यांच्या कंपनीकडे. तिच्या संमतीशिवाय गेलात, तर ‘चेल्सी’ नाव इथेच राहील.