श्रीयुत सरासरी पॅकेज यांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री सरासरी वार्षिक पॅकेज,
मुक्काम माहितीपुस्तिका, पृष्ठ दुसरे, यांचे सेवेशी कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपला आणि माझा प्रत्यक्ष परिचय नाही. किंबहुना आपल्याला प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य मला अद्यापि भेटावयाचा आहे, आणि हे पत्र बंद पाकिटातून न धाडता चव्हाट्यावर मांडण्याचे कारणही हेच, की आपला ठावठिकाणा ठाऊक असलेला कोणी वाचक निघालाच तर त्याने ते आपल्या हाती पोचते करावे. माझा हुद्दा म्हणाल, तर पुतण्याच्या एमबीएच्या कर्जखात्यावर त्याच्या वडिलांच्या जोडीला मी सहकर्जदार आहे. अर्थात तो नियमाने हप्ते भरील तोवर मी त्याचा काका, आणि ज्या महिन्यात तो थकेल त्या महिन्यापासून बँकेचा ऋणको. पतसंस्थेच्या दप्तरी खतावण्या लिहिण्यात हयात गेल्यामुळे आकड्यांविषयी मला स्वभावतःच आदर आहे. तो आपल्याविषयीही वाटावा अशी माझी मनापासून इच्छा असून, त्या मार्गात ज्या क्षुल्लक अडचणी उभ्या आहेत त्यांचे निवारण आपणच करावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

पहिली अडचण आपल्या जन्मासंबंधी आहे. समजा, ६० विद्यार्थ्यांची एक तुकडी आहे; तीतील ५९ जणांना वर्षाला ५ लाखांची नोकरी लागली, आणि साठाव्याला, त्याच्या अंगच्या गुणांमुळे म्हणा किंवा मामांचा परदेशात कारखाना असल्यामुळे म्हणा, ६५ लाखांची लागली. अशा वेळी आपण ६ लाखांच्या रूपाने अवतीर्ण होता, आणि मौज अशी की त्या साठांपैकी एकाच्याही घरी ६ लाख जात नाहीत! रांगेतल्या मधल्या विद्यार्थ्याला विचारले असते तर त्याने निमूटपणे ५ लाख सांगितले असते. परंतु त्या सरळमार्गी मुलाला माहितीपुस्तिकेत बहुधा जागा मिळत नाही. शिवाय भागाकाराला बसण्यापूर्वी उच्च शिक्षणासाठी, घरच्या व्यवसायासाठी अथवा ‘वैयक्तिक कारणास्तव’ नोकरी न घेतलेल्यांना छेदातून सन्मानपूर्वक रजा देण्याचा परिपाठ अनेक ठिकाणी असल्याचे कानांवर येते. आमच्या पतसंस्थेत थकबाकीदारांना असे यादीतून वगळून वसुलीचे प्रमाण काढले असते, तर लेखापरीक्षकाने आम्हांला घरी पाठविले असते.

आपल्या घराण्याच्या थोर शाखांशी माझे भांडण नाही. २००४ साली मुरली मनोहर जोशी केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री असताना भारतीय व्यवस्थापन संस्थांची वार्षिक फी सुमारे दीड लाखावरून ३० हजारांवर आणण्याचा हुकूम निघाला, त्यावर मोठे रण माजले आणि त्याच वर्षी सरकार बदलताच तो हुकूमही बारगळला. आज यांतल्या जुन्या संस्थांत दोन वर्षांची फी २० लाखांच्या वर आहे. तरी तिथला पदवीधर ते ओझे बहुधा काही वर्षांत उतरवितो. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या साहाय्याने स्थापिलेल्या जमनालाल बजाज संस्थेत तर याहून पुष्कळच कमी फीत हीच विद्या मिळते. माझी हरकत आहे ती या दोनचार घरांची पुण्याई, महामार्गालगतच्या काचेच्या इमारतीत परवा उघडलेल्या महाविद्यालयाने आपल्या नावावर उसनी घेण्याला.

आता जमाखर्च. फी व वसतिगृह मिळून १२ लाख, पैकी २ लाख भावाची शिल्लक, उरलेले १० लाख कर्ज. साडेसात लाखांच्या वर तारण लागते, म्हणून भावाच्या राहत्या घराचे दस्तऐवज आज बँकेच्या कपाटात आहेत. व्याज दरसाल दरशेकडा १०. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, आणि या औदार्याने पालकवर्ग गहिवरून जातो. परंतु पहिल्या वर्षी उचललेल्या ५ लाखांवर तीन वर्षांचे दीड लाख आणि दुसऱ्या वर्षीच्या ५ लाखांवर दोन वर्षांचे १ लाख असे व्याज त्या मुदतीत बिनबोभाट चढते, आणि हप्ते सुरू होण्याच्या दिवशी मुद्दल साडेबारा लाखांचे झालेले असते. दहा वर्षांची मुदत धरली तर दरमहा सुमारे १६,५०० रुपये, म्हणजे एकंदर जवळजवळ २० लाख.

जमेच्या बाजूस आपण स्वतः. आपण म्हणता तसे ६ लाख मिळालेच असे मानू. नेमणूकपत्राचे परिशिष्ट मी चष्मा पुसून दोनदा वाचले: भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा त्या ६ लाखांत, पाच वर्षे टिकल्यावर मिळावयाची ग्रॅच्युइटी त्या ६ लाखांत, आणि साहेब प्रसन्न झाल्यास मिळणारे ६० हजारही त्यातच. मुलाचा स्वतःचा निधी आणि व्यवसायकर वजा जाता हातात पडतात ते महिना सुमारे ३९ हजार. हप्ता दिल्यावर साडेबावीस. त्यात पुण्यातली खोली, खानावळ, पेट्रोल, आणि काम म्हणजे उन्हातान्हात दारोदार विम्याच्या पॉलिस्या खपविणे! त्याच्याच वर्गातला एक मुलगा बी. कॉम. होताच २५ हजारांवर एका हिशेबनिसाच्या कचेरीत चिकटला. या दोन वर्षांत त्याने ६ लाख मिळविले आणि त्याच्या डोक्यावर कोणाचा छदाम नाही. सातव्याआठव्या वर्षी पुतण्या त्याच्या पुढे जाईलही, मी नाकारीत नाही. परंतु पुतण्याने न मिळविलेले ते ६ लाख आपल्या पुस्तिकेच्या कोणत्या रकान्यात मांडले आहेत, ते मला सापडले नाही.

सरकारनेही दिलासा ठेविला आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे आयकरात वजावट मिळते. मात्र नव्या करप्रणालीत ती नाही, आणि ६ लाखांवर त्या प्रणालीत करच लागत नसल्यामुळे, ज्याला सवलतीची गरज आहे त्याला तिचा उपयोग नाही.

तरी विनंती अशी, की आपण एकदा सवडीने बँकेत यावे आणि माझ्या शेजारी सहकर्जदार म्हणून सही करावी. ज्या आकड्याच्या भरवशावर कर्ज काढले, तो जामीन राहण्यास कचरणार नाही अशी खात्री आहे. बहुत काय लिहिणे? लोभ असावा.

आपला,
सहकर्जदार क्रमांक २

ता. क. हप्ता ५ तारखेस कापला जातो. चुकल्यास माझीही पत घसरते असे शाखाधिकाऱ्यांनी कळविले आहे, तेव्हा येणे झाल्यास ४ च्या आत व्हावे. येताना पॅनकार्ड आणि वास्तव्याचा दाखला आणावा.