तिकीट मूलचं

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली जगापुढे ठेवलेली वजाबाकी तिसरीतल्या पोरालाही येते. आकड्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या. मोठ्यातून लहान वजा करायचा, उत्तराला पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसलेला चार अंकी आकडा कुठलाही घ्या, शेवटी ६१७४ वर येऊन थांबतो. सहा अंकी आकड्यांना मात्र ही शिस्त नाही.

बायको आदल्या दिवशीच भाच्याच्या साखरपुड्याला मूलला गेली होती. मी एसटीत बसून, पत्रिकेच्या पाठीमागे, आमच्या चंद्रपूरचा पिनकोड मांडला: ४४२४०१. आधी अवयव पाडले. ३, ३१, ६७ आणि ७१! चिचपल्लीच्या जंगलातून गाडी जात होती. बाहेर वाघ उभा असता तरी मी त्याला अंक विचारले असते.

मग वजाबाकी. ४४४२१० वजा ०१२४४४, उत्तर ४३१७६६. त्यावरून ६३१७६४. आणि ६३१७६४ ची वजाबाकी पुन्हा ६३१७६४! बहुतेक सहा अंकी आकडे सात आकड्यांच्या रिंगणात फिरत राहतात. आमचं गाव दोन पावलांत मुक्कामी. शिवाय यातला ३ आणि दुसरा ६ खोडला की उरतो ६१७४. अभिमानाने मान वर केली, तर समोर वैनगंगा.

“काका, मूल तं कवाच गेलं मांगं!” कंडक्टर म्हणाला. “तवापासून काय लिहून राहिले?”

सांगितलं. त्याने शांतपणे पुढचं तिकीट फाडलं.

गडचिरोलीच्या स्टँडवर परतीची गाडी लागायची होती. शहाणा माणूस चहा प्याला असता. मी ४४२६०५ मांडला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे संस्कृतात काव्य करणाऱ्या टपालखात्यातल्या अधिकाऱ्याने, १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आणला तेव्हा गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होती. १९८२ मध्ये वेगळी झाली, तरी ४४२ राहिलाच. म्हटलं, भाऊबंद आहे, हाही दोन पावलांत बसेल. कसला बसतो! ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६... मग ८५१७४२ वगैरे करत परत ४२०८७६. रिंगण पुरतं फिरून झालं, खात्रीसाठी पुन्हा फिरलो, तोवर मूलची गाडी लागून सुटलीसुद्धा.

साखरपुड्याला पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. बायकोने काही विचारलं नाही. पत्रिका उलटून पाहिली, सगळं कळलं. मेहुण्याने ताट वाढलं. जेवता जेवता पत्रिकेची पुढची बाजू माझ्या नजरेस पडली: खाली कार्यस्थळाचा पत्ता, मु. पो. मूल, ४४१२२४.

बायकोने माझ्या खिशातला पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

तोंडी करायला घेतलं. तीन चार आहेत, दोन दोन...